तानपुरा जुळवताना हर्ट्झ कानाने कसे ओळखावेत

तानपुऱ्याची तार छेडली की ती सेकंदाला ठरावीक वेळा थरथरते आणि तितक्याच वेळा हवेत लाट उठवते. ही सेकंदातली आंदोलनं म्हणजे वारंवारता, तिचं माप हर्ट्झ. आंदोलनं जास्त तर सूर चढा, कमी तर उतरलेला. शाळेत हे एका ओळीत उरकतं. मला विचाराल तर ते तानपुरा मांडीवर घेऊनच शिकावं.

आपण पुरुषी आवाजाची काळी एक पट्टी धरू, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा. फोनमध्ये हर्ट्झ दाखवणारं ट्यूनर ॲप घ्या. घोडीवरचे, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरचे जीव, तारांखालचे दोरे, सुरुवातीला सरकवून ठेवा. आवाज साधा होतो आणि ॲप गोंधळत नाही.

आधी जोडीतली, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या (सा) तारांपैकी, एक तार लावा. आकडा हवा १३८.६. खुंटी आत दाबत दाबत पिळा, नुसती फिरवली तर सुटून मागे येते. सुराच्या जवळ पोचलात की खुंटी सोडा आणि घोडीखाली तारेत ओवलेल्या मण्याला हात घाला. मणी घोडीपासून दूर, खाली सरकवला की ताण वाढतो आणि सूर चढतो.

आता फोन बाजूला ठेवा. जोडीतली दुसरी तार कानानेच लावायची. दोन्ही तारा लागोपाठ छेडा आणि थांबून ऐका. आवाज एकसंध न राहता मोठा-लहान, मोठा-लहान होत हेलकावे खाईल. एक तार १३८.६ वर आणि दुसरी १४०.६ वर असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे, कारण फरक दोन हर्ट्झचा आहे. दोन्ही लाटा कधी एकमेकींना उचलतात, कधी पाडतात. मणी केसभर हलवा. हेलकावे संथ झाले तर दिशा बरोबर, वाढले तर उलट. ते लांबत लांबत विरून जातात तेव्हा तारा मिळाल्या. इथे घाई करू नका. रोज दहा मिनिटं या दोनच तारांवर घालवली तरी कान तयार होतो.

मग खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सा ची शेवटची तार. ही पितळी, जाड तार जोडीच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९.३ हर्ट्झवर. लांबी जवळपास तीच, पण वजन जास्त म्हणून ती सावकाश हलते. तिची हवेतली एक लाट जवळजवळ पाच मीटर लांब असते, दहा बाय बाराच्या खोलीत न मावणारी! तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकंच टेकवून छेडा आणि लगेच बोट उचला: जोडीचाच षड्ज ऐकू येईल. तो जोडीशी ताडून पाहा. इथेही हेलकावे जाईपर्यंत थांबायचं.

पहिली तार पंचमाची. खर्जाच्या दीडपट, साधारण १०४. मालकंस राग गायचा असेल तर त्यात पंचम नसतो, म्हणून मध्यम लावा: ९२.४.

शेवटी जीव परत घाला आणि एकेक तारेखाली किंचित पुढे-मागे करत राहा. एका जागी तार अचानक झंकारते, जवारी खुलते. आता चारही तारा शांतपणे छेडत बसा. थोड्या वेळाने खर्जातून कुणीही न लावलेला गंधार ऐकू येतो. ही त्याच तारेची पाचपट वेगाची आंदोलनं, ३४६.५ हर्ट्झ. गवई याला स्वयंभू गंधार म्हणतात.

तो नीट ऐकू आला की काळी एकच्या पट्टीतला पेटीवरचा गंधार दाबा. पेटी आजच्या रूढ पद्धतीने, म्हणजे बाराही सूर समान अंतरावर ठेवून, नीट मिळवलेली असेल तर तिथे ३४९.२ असतात. तानपुरा चालू ठेवून तो सूर धरून ठेवा आणि हेलकावे मोजा: सेकंदाला जवळपास तीन.