होडीतली बत्ती मंद का जळते? वायरिंगमधला दोष शोधण्याची रीत

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ते दोन महिने शाकारून ठेवलेली होडी ऑगस्टमध्ये पाण्यात उतरवली की इंजिन बहुधा सुरू होते, पण नाळेवरची लाल-हिरवी बत्ती मंद जळते आणि फिशफाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारे यंत्र) मध्येच बंद पडतो. अशा वेळी पुष्कळ जण आधी नवी बॅटरी आणतात, आणि तो खर्च बहुतेकदा वाया जातो. बारा व्होल्टच्या वायरिंगमध्ये अखंड वायर क्वचितच बिघडते. दोष निघतो तो जोडात, फ्यूजच्या पकडीत नाहीतर स्विचच्या पाठीमागे, जिथे खारी हवा तांब्यापर्यंत पोचलेली असते.

कामाआधी फळ्या उघडून पेट्रोलचा वास आणि बॅटरीतून निघालेला वायू निघून जाऊ द्यावा आणि हातातली अंगठी व कडे काढून ठेवावे. जोड उघडायचा असेल तेव्हा बॅटरीचे निगेटिव्ह टोक सर्वांत आधी सोडवावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. इंजिनाची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असल्यामुळे आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेल्यास पाना इंजिनाला टेकून ठिणगी उडते.

आता मल्टिमीटरने (व्होल्ट आणि अँपिअर मोजणारे यंत्र, पुढे नुसते मीटर) बॅटरी तपासावी. काही तास स्वस्थ राहिलेली, पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, तर १२.२ च्या खाली ती निम्म्याहून अधिक रिकामी असते. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल तर आधी चार्जिंगची बाजू पाहावी.

बॅटरी ठीक निघाली, बत्ती मात्र मंदच आहे, तर नेहमीची फसगत इथे होते: बल्ब काढून होल्डरवर मीटर लावतात, १२.६ दिसतात आणि वायर चांगली आहे असा निष्कर्ष काढतात. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नसल्यामुळे कळकलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. म्हणून मोजणी बत्ती पेटलेली असतानाच करावी. बत्ती एलईडीची असेल तर तिचाही करंट अपुरा पडतो. मग होल्डरला गाडीच्या ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब तात्पुरता जोडावा.

बल्ब पेटता ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे बल्बच्या पॉझिटिव्हला लावावे. दिसणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्टेज. तसेच निगेटिव्हच्या बाजूनेही मोजावे, कारण ती बाजू हमखास तपासायची राहून जाते. दोन्ही मिळून ०.३६ व्होल्ट, म्हणजे बाराच्या तीन टक्के, इथपर्यंत चालते. जोडात केवळ एक ओहमचा अडथळा असला तरी या बल्बला सुमारे दीड व्होल्ट कमी मिळतात. आकडा मोठा आला तर फ्यूज, स्विच आणि प्रत्येक जोड यांच्या दोन बाजूंना मीटर लावत पुढे सरकावे. जिथे आकडा एकदम उडी घेतो, तिथेच दोष.

असा जोड उघडला की वरची टेप चिकट झालेली, आत हिरवा कळंक आणि तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या दिसतात. त्या खरवडून पुन्हा पिळण्यात अर्थ नाही. लखलखीत तांबे लागेपर्यंत वायर मागे छाटावी, कमी पडल्यास कथिलाचा मुलामा दिलेली बहुतारी वायर वाढवावी, क्रिंप (दोन वायरी जोडणारी धातूची नळी) त्याच्या पानाने दाबावा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आक्रसणारी) चढवावी. घरगुती एकतारी वायर इंजिनाच्या थरथरीने तुटते. ती होडीत नकोच.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नये, कारण फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. उपकरण सोडवूनही तो उडाला, तर जिथे वायर लाकडाच्या किंवा फायबरच्या छिद्रातून जाते तिथे ती घासली आहे का, ते पाहावे.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर सर्व बंद करून निगेटिव्ह सोडवावे आणि मीटर दहा अँपिअरवर ठेवून टोक व केबल यांच्यामध्ये लावावे. एक अँपिअरची गळतीसुद्धा दिवसभरात २४ अँपिअर-तास खाते. एकेक फ्यूज काढत जावे. आकडा पडला की ती लाइन सापडली. मीटर असे जोडलेले असताना चुकूनही स्टार्टर मारू नये. सर्व फ्यूज काढूनही गळती राहिलीच, तर पाणी उपसणाऱ्या पंपाचा तरंगता स्विच पाहावा. तो फ्यूज-स्विचचे पॅनेल टाळून थेट बॅटरीला जोडलेला असतो आणि त्याचा जोड होडीच्या तळाशी बराच काळ ओल्यात असतो.

दुरुस्तीनंतर तोच २१ वॉटचा बल्ब लावून पुन्हा मोजावे आणि मोजताना जोड हाताने हलवून पाहावा.