बागेत येणाऱ्या खारींना खाऊ घालताना या चुका टाळा

इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर किंवा टिळकनगर भागातल्या ज्या घरांपुढे अजून अंगण आणि एखादे पेरूचे झाड उरले आहे, तेथे पाठीवर पाच पट्टे असलेली खार दिवसभर ये-जा करते आणि तिला काही खाऊ घालावे की नाही, हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. माझे स्पष्ट मत असे आहे की पाणी अवश्य ठेवावे, खाणे मात्र रोज ठेवू नये. बागेत झाडे असतील तर तिला आपल्या ताटातल्या अन्नाची गरज नसते आणि आपण ज्या त्रासाबद्दल तिला दोष देतो, त्यातला बराचसा आपल्याच खाऊ घालण्याच्या पद्धतीतून उद्भवतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे घरात उरलेले अन्न कठड्यावर ठेवणे. रविवारी सकाळचे पोहे, त्यांवरची शेव, खारे दाणे, बिस्किटे हे सारे खार आवडीने खाते, आणि ती खाते म्हणजे तिला ते मानवते, असे आपण समजतो. बिया, फळे, कोवळे कोंब, फुलांतला मधुरस, किडे आणि प्रसंगी पक्ष्यांची अंडी असा तिचा मूळ आहार आहे. त्यात मीठ, तेल आणि साखर यांना जवळपास जागाच नाही. चॉकलेट तर तिला कधीही देऊ नये.

शेंगदाण्यांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ते निर्धोक आहेत अशी सर्वांची खात्री असते. शेंगदाण्यांत आणि सूर्यफुलाच्या बियांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असते. खारीने रोज त्यांवरच पोट भरले, तर तिची हाडे ठिसूळ होऊ शकतात आणि वाढत्या वयाच्या पिल्लांना याचा धोका अधिक असतो. पावसाळ्यात दमट हवेने दाण्यांना बुरशी लागते आणि त्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर आघात करते. म्हणून कधीतरी द्यायचेच असेल, तर बिनमिठाच्या दोन-चार कोरड्या शेंगा सालासकट द्याव्यात आणि कुबट वास येणाऱ्या शेंगा टाकून द्याव्यात. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने तिला कुरतडण्याचे काम मिळणे चांगलेच असते. त्याहून बरे म्हणजे पेरूची किंवा काकडीची एखादी फोड.

दुसरी चूक वेळेची आहे. खार दिवसा वावरते आणि रात्री झोपते, त्यामुळे संध्याकाळी ठेवलेले खाणे तिच्याऐवजी उंदीर-घुशींच्या तोंडी जाते. मग उंदीर वाढले म्हणून कोणीतरी विषारी गोळ्या ठेवतो आणि त्या खाऊन खारच मरते. हे टाळायचे असेल, तर जे काही ठेवायचे ते सकाळी, थोडेसेच ठेवावे, दुपारपर्यंत उरलेले उचलावे आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावे. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवलेल्या शहराला एवढी सवय नवी नाही. बागेत विष किंवा चिकट सापळा कधीही ठेवू नये.

हातावरून खाऊ घालण्याचा मोह, विशेषतः मुलांना, फार होतो. खार बोट आणि दाणा यांत गफलत करून सहज चावते. शिवाय माणसाची भीती मोडलेली खार मांजराबाबतही गाफील राहू शकते. खारीसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज अतिशय क्वचित आढळतो, तरीही चावा घेतल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी, कारण धनुर्वाताच्या इंजेक्शनचा प्रश्न असतोच.

खार कळ्या आणि फळे कुरतडत असेल, तर आधी खाऊ घालणे थांबवावे. पिकू लागलेल्या पेरू-डाळिंबांना कापडी पिशव्या बांधाव्यात. जाळी लावायची असेल तर ती ताणून बसवावी. सैल जाळीत खारीही अडकतात आणि पक्षीही. पक्ष्यांसाठी ठेवलेले दाणे खार फस्त करत असेल, तर त्यांत थोडे लाल तिखट मिसळावे, कारण तिखटाचा दाह सस्तन प्राण्यांना जाणवतो आणि पक्ष्यांना जाणवत नाही. मात्र ते डोळ्यांत उडू नये म्हणून दाण्यांना नीट चोळूनच ठेवावे. कुंडीतला काथ्या ती घरट्यासाठी ओढून नेते. तेव्हा थोडा काथ्या वेगळ्या फांदीवर ठेवून पाहावा, पण नायलॉनचे धागे ठेवू नयेत, त्यांत पिल्लांचे पाय गुंततात.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा पाण्याची खरी गरज असते. मातीचे उथळ भांडे सावलीत आणि थोडे उंचावर, मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. उघड्या हौदावर झाकण घालावे, नाहीतर त्यात एक तिरकी फळी तरी टाकून ठेवावी, म्हणजे पडलेली खार बाहेर येऊ शकते.

घरट्यातून पिल्लू खाली पडल्यास होणारी धावपळ त्याच्या जिवावर बेतते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे. ती बहुधा परत येते आणि पिल्लाला तोंडात धरून नेते. गाईचे दूध पाजू नये; थेंब-थेंब पाणीही तोंडात सोडू नये, कारण ते फुप्फुसात उतरू शकते. पिल्लू थंड पडले असेल तर मऊ कापडात गुंडाळून आधी ऊब द्यावी, मग उघड्या खोक्यात घालून त्याच झाडाच्या फांदीवर टेकवावे, मांजर-कुत्र्यांना घरात कोंडावे आणि स्वतः दूर जाऊन पाहत राहावे. अंधार पडेपर्यंत आई आली नाही, तर पिल्लू रात्रभर उबेत ठेवून सकाळी पुन्हा त्याच जागी ठेवावे. ते जखमी असेल किंवा तेव्हाही आई फिरकली नाही, तर घरी वाढवण्याच्या फंदात न पडता पशुवैद्य किंवा वनविभाग यांच्याशी ताबडतोब संपर्क साधावा.