गावातला वीरगळ, बरव, पोथी: हात लावायच्या आधी नोंद कशी करायची

आमच्या गावात मारोतीच्या देवळामागं निंबाखाली एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. खाली लढून पडलेला वीर, मधात अप्सरा त्याला वर घेऊन चालल्या, सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला, अन माथ्यावर सूर्य-चंद्र. लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून बोरं खाल्ली. मंग एका सप्त्याच्या वेळी गावातल्या पोरांनी मोठ्या श्रद्धेनं तो आधी ॲसिड टाकून घासला अन वरून चांदीचा ऑइलपेंट मारला. तळच्या पट्टीवर दोन ओळी अक्षरं होती ती बुजली. आता त्या अक्षरांचा पुरावा काय, तं आमच्या आत्याच्या लग्नाच्या अल्बममधला एक फोटो, त्यात चार वऱ्हाडी त्या दगडावर बसलेले अन अक्षरं त्यांच्या पायामागं. पोरांना दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून चार वर्षं मी आजूबाजूच्या गावांत फिरून अशा गोष्टींची नोंद करून राहिलो, काही चुका करत शिकलो, काही विद्यापीठातल्या जाणकार लोकांनी शिकवलं, ते सगळं इथं लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. साफ करणं हे पहिलं काम नाही, ते शेवटचं काम आहे, अन बहुतेक वेळा ते आपलं कामच नाही. आपलं काम नोंद करायचं. दगडावरची माती, दगडफूल, शेंदूर, जुना चुना, हे सगळं आपल्याला घाण वाटते पण लॅबवाल्यांसाठी त्याच्यातच माहिती असते. एकदा घासून काढलं की परत येत नाही.

सामान फार लागत नाही. मोबाइल, एक चांगला टॉर्च, टेप, वही, पेन्सिल (पेनाची शाई पावसात पसरते), अन एक पट्टी जिच्यावर सेंटीमीटरचे काळे-पांढरे पट्टे काढलेले आहेत. ही पट्टी प्रत्येक फोटोत पायजेच, नाही तं फोटो पाहून दगड दोन फुटाचा की सहा फुटाचा ते कोणाला कळत नाही. पहिला फोटो लांबून घ्या, देऊळ, झाड, रस्ता सगळं दिसू द्या, मंग जवळ जवळ येत जा. दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे, तो जागेवरच आहे की कोणी आणून ठेवला, हे वहीत लिहा. आणून ठेवला असंन तं कुठून आणला ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाले विचारा, "बाबाजी, हा दगड आधी कुठं होता?" एवढं विचारलं तरी अर्धा इतिहास बाहेर येते. आमच्या शेजारच्या गावातल्या एका आजीनं सांगितलं की देवळातले दोन वीरगळ जुन्या गावठाणातून बंडीवर आणले, अन ते गावठाण आता वावर आहे. आता तिथं नांगर चालला की खापरं निघतात.

आता अक्षरांचं. शिलालेख दिवसा उन्हात वाचायला गेलं की काहीच दिसत नाही, कारण उजेड समोरून पडते अन खोलगट भागात सावली तयार होत नाही. रात्री जा, किंवा अंधार पडता पडता जा. टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, जवळपास पृष्ठभागाला टेकवून धरा, म्हणजे उजेड आडवा सरकते अन प्रत्येक खाचेत सावली पडते. आधी डावीकडून, मंग उजवीकडून, वरून, खालून, असा टॉर्च फिरवत जा अन मोबाइल मात्र एका जागी पक्का ठेवा, स्टँड नसंन तं विटांवर टेकवा. दरवेळी एक फोटो. एकाच जागेवरून चाळीस-पन्नास फोटो निघाले, अन दगडाच्या बाजूला एक चकाकणारी काळी गोटी ठेवली असंन, तं त्या गोटीवरच्या चमकेवरून उजेड कुठून आला होता ते सॉफ्टवेअर काढते अन मंग कॉम्प्युटरवर पाहिजे त्या बाजूनं उजेड फिरवून लेख वाचता येते. जगातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये हीच पद्धत वापरतात. आमच्या ऑइलपेंटवाल्या वीरगळावर मी साधी टॉर्चवाली पद्धत केली तं पेंटच्या थराखालूनही सात-आठ अक्षरांचे उंचवटे दिसले. त्या रात्री मला झोप आली नाही, खरं सांगतो.

अक्षरांत खडू, रांगोळी, भस्म, कणीक काहीही भरू नका. लोक लय करतात हे, फोटोत अक्षर उठून दिसावं म्हणून. पण तुम्ही खडू भरता तो तुम्हाला जे अक्षर वाटलं त्याच्यावरून भरता, म्हणजे वाचणाऱ्याला दगड दिसत नाही, तुमचा अंदाज दिसते. कागद ओला करून शाईचा ठसा घ्यायची पद्धत आहे, शिलालेखांचे अभ्यासक तीच वापरतात, पण ती शिकलेल्या माणसानं परवानगी घेऊन करायची, आपण नाही.

वीरगळाचं, मूर्तीचं, बरवेचं (पायऱ्यांच्या विहिरीचं) थ्रीडी मॉडेल बनवणं आता खरंच सोपं झालं. ढगाळ दिवस पाहा, कडक ऊन नको. वस्तूभोवती गोल फिरत फोटो काढा, एक फेरी कमरेच्या उंचीवरून, एक खालून, एक हात वर करून. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान सत्तर टक्के भाग परत आला पायजे, झूम करायचं नाही, फ्लॅश नाही, अन मोजपट्टी एकदा ठेवली की हलवायची नाही. एका दगडाला साठ ते शंभर फोटो. सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंतले सारखे बिंदू जुळवून आकार तयार करते. मेशरूम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे पण त्याला ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर लागते, नसंन तं मोबाइलवर ॲप आहेत. दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरसारखी कित्येक मजल्यांची बरव असंन तं मात्र एका दमात होत नाही, मजल्या-मजल्यानं करा, अन पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते तेव्हा उतरूच नका.

आता वावरात काही सापडलं तं काय. विदर्भात हे लय महत्त्वाचं आहे, कारण आपल्या जमिनीत तीन हजार वर्षांचा, त्याहूनही जुना ऐवज आहे. नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची सुमारे तीनशे वर्तुळं आहेत, म्हणजे त्या जुन्या लोकांच्या दफनाच्या जागा, १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं खोदलं, नंतर १९६२ मध्ये परत उत्खनन झालं, लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या निघाल्या. पारशिवनीकडच्या नैकुंडला त्याच काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे वावरातले गोल मांडलेले मोठाले धोंडे किंवा जड, काळं, भोकाभोकाचं किट्ट दिसलं तं ते फेकायचं नाही. ट्रॅक्टरनं धोंडे काढून धुऱ्यावर लोटले की वर्तुळ गेलं. वर्तुळच गेलं की आतली वस्तू कोणाच्या काळची ते सांगणं कठीण होऊन बसते.

याचं कारण समजून घ्या. दगडाचं वय थेट काढता येत नाही, तो वर्तुळ मांडणाऱ्या माणसापेक्षा करोडो वर्षं जुना असते. वय काढतात ते त्याच थरातल्या कोळशाचं, हाडाचं, जळक्या धान्याचं. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत राहते, मेलं की घेणं बंद, अन त्याच्यातला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी अर्धा होत जाते, किती उरला त्यावरून वय. मडक्याचं वेगळं आहे. मडकं भट्टीत भाजलं की मातीतल्या कणांत साठलेली ऊर्जा निघून जाते, जसं काही घड्याळ शून्यावर आलं, मंग जमिनीतल्या बारीकशा किरणोत्सारानं ती परत साठत जाते. लॅबमध्ये ते खापर गरम केलं की तेवढा उजेड बाहेर पडते अन तो मोजून वय काढतात. म्हणूनच खापर धुवायचं नाही, उन्हात वाळवायचं नाही, अन आजूबाजूची माती लॅबवाल्यांना तपासायला लागते, कारण किरणोत्सार त्या मातीतूनच येते. कोळसा दिसला तं हातानं उचलू नका, आपल्या हाताचं तेल अन कागद-कापूस यांचा नवीन कार्बन त्याच्यात मिसळते. सगळ्यात उत्तम, जे जिथं आहे तिथं राहू द्या, फोटो अन मोबाइलवरचं लोकेशन घ्या, वरून माती टाकून झाका अन कळवा.

कळवायचं कोणाला? १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे, दहा रुपयांच्या वर किमतीची पुरलेली वस्तू सापडली की कलेक्टरला सांगणं बंधनकारक आहे, म्हणजे आपल्यासाठी तहसीलमधून सुरुवात. सोबत नागपूरच्या राज्य पुरातत्त्व कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाला फोटो पाठवा. लोक घाबरतात की सरकार वावर घेऊन टाकंन. एका खापरासाठी कोणी वावर घेत नाही बाप्पा. पण तांब्याचा पत्रा सापडला अन तो सोनाराकडं नेऊन गाळला, तं काय गेलं ते कधीच कळणार नाही. रिद्धपूरचा ताम्रपट पाहा, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याची राणी प्रभावतीगुप्ता हिचं नाव आपल्याला अशाच पत्र्यांवरून माहीत आहे, अन रामटेकजवळ नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली तेव्हा ते पक्कं झालं की हा मुलूख एक बाई चालवत होती. तांब्याला चिंच, राख, लिंबू काही लावू नका. जुन्या तांब्यावरचा गडद हिरवा थर त्याला सांभाळते. फिकट हिरवी भुकटी पडून राहिली असंन तं तो रोग आहे, मातीतल्या खारानं अन ओलीनं तो वाढत जाते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा अन जाणकाराला दाखवा.

पोथ्यांचं तं घराघरात आहे. महानुभाव पंथाची रिद्धपूरसारखी गावं आपल्या इकडं, कित्येक घरी देव्हाऱ्यात पोथ्या बांधून ठेवलेल्या, काही सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत. पोथी उघडायच्या आधी हात धुवून कोरडे करा. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असंन तं ती सोडा. आपल्याकडची जुनी शाई बहुतेक काजळी अन डिंकाची असते, उजेडानं ती उडत नाही पण पाणी लागलं की सुटते, म्हणून ओलं फडकं कधीच नाही. ह्याच काजळीमुळं इन्फ्रारेड कॅमेऱ्यात डाग पडलेल्या पानावरची अक्षरंही काळीभोर दिसतात, म्हणून "वाचताच येत नाही" म्हणून पान फेकू नका. सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही. पान चिकटलं असंन तं ओढू नका, तसंच ठेवा. खिडकीजवळ सावलीत पोथी ठेवून वरून सरळ फोटो घ्या, दोन्ही बाजू, कोरी पानंसुद्धा, कारण कोऱ्या पानावर कधी लिहिणाऱ्याचं गाव अन शक सापडते.

बांधायला खळ काढलेलं, चांगलं धुतलेलं मांजरपाट वापरा, वर-खाली लाकडी पाट्या. लाल कापड परंपरेचं आहे पण ओल आली की रंग सुटते, म्हणून आत पांढरं, बाहेर लाल. निंबाचा वाळका पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवा, पानांच्या मधात नाही. पेटी भिंतीला टेकवू नका, खाली चार विटा द्या, उदई भिंतीतून अन जमिनीतूनच येते. हवेतली ओल पन्नास टक्क्यांच्या आसपास चांगली, त्याचं छोटं मीटर ऑनलाइन मिळते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून पाहा, पानाच्या कडेला भुसा दिसला की कसर लागली समजा, ती पोथी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा.

देवळाच्या दुरुस्तीवर थोडं, कारण इथं सगळ्यात जास्त नुकसान होऊन राहिलं. वर्गणी जमते, ठेकेदार येते, अन हेमाडपंती देवळाच्या सांध्यांत सिमेंट भरते. सिमेंट कडक, त्याच्यातून ओल बाहेर निघत नाही, मंग ती दगडातून वाट काढते, सोबत सिमेंटमधले क्षार नेते, ते दगडाच्या पृष्ठभागाखाली वाळून स्फटिक होतात अन दगडाची पापडी सुटते. चुना मऊ असते, श्वास घेते, इमारत थोडी हलली तरी सांभाळून घेते. आपले गवंडी चुन्यात गूळ अन बेलफळाचा गर टाकत होते, ते शिकण्यासारखं आहे. संरक्षित देऊळ असंन तं परवानगीशिवाय एक वीटही लावता येत नाही, केंद्राच्या स्मारकापासून शंभर मीटर बांधकाम बंद अन पुढचे दोनशे मीटर परवानगीनं, हे मंदिर कमिटीला आधीच सांगा, पैसे जमा झाल्यावर नाही.

फोटो काढले, मोजमाप झालं, की तीन ठिकाणी ठेवा, एक घरी पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन, एक शाळेत किंवा ग्रामपंचायतीत छापून. अन एकट्या पडलेल्या मूर्तीचं लोकेशन फेसबुकवर टाकू नका. मी एकदा टाकलं होतं, उत्साहात. तीन महिन्यांनी गेलो तं त्या जागी नुसता खड्डा होता. ती मूर्ती कुठं गेली अजून माहीत नाही, माझ्याकडं तिचे अकरा फोटो आहेत फक्त. आता लोकेशन वहीत लिहितो अन पुरातत्त्ववाल्यांनाच देतो.

फिरायचा सीजन म्हणजे दिवाळीनंतर, गवत वाळलं की दगडं दिसायला लागतात. पण मार्चच्या आत एक फेरी मारून घ्या, कारण मंग लोक धुरे पेटवतात, अन धुऱ्यावरचा वीरगळ त्या आगीत तडकते. आपल्या वावराच्या धुऱ्यावर असा दगड असंन तं पेटवायच्या आधी त्याच्या भोवतीचं गवत हातभर इळ्यानं कापून टाका.