मधुमेहात पायाच्या नसा घरच्या घरी कशा तपासायच्या

वाळवा-कराडकडे ऊस तुटून गेलेल्या रानात धारदार बुडखे उभे असतात. मधुमेही माणूस त्यातून अनवाणी चालतो, टाचेत धसकट घुसतं, आणि घरी फरशीवर रक्ताचा ठसा उमटला की घरच्यांच्या लक्षात येतं. त्याला स्वतःला काहीच टोचलेलं नसतं.

कमरेच्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी नस जवळपास मीटरभर लांब असते. तिचं पोषण मणक्याजवळच्या पेशीतून टोकापर्यंत यावं लागतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नस आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दोन्ही बिघडतात. मग कॅनॉलच्या टेलच्या शेताला पाणी पोचत नाही, तशी बोटांची टोकं आधी सुकतात. बधिरपणा बोटांतून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, पांघरूणही सोसत नाही. साखर आटोक्यात नसताना ही आग आपोआप थांबली, तर ‘बरं झालं’ म्हणून गप्प बसू नका. नस पुरती निकामी होत आल्यावरही आग थांबते.

तपासायला दोन मिनिटं आणि घरातलं दुसरं माणूस पुरे. मोजे काढून आडवं व्हायचं, डोळे मिटायचे. स्पर्श जाणवला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ एवढंच सांगायचं. तपासणाऱ्यानं तर्जनीचं टोक एक ते दोन सेकंद अगदी हलकं टेकवायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. चूक होते ती इथेच: माया म्हणून बोट दाबलं जातं, टिचकी मारली जाते, किंवा ‘आता कळलं का?’ म्हणत पुन्हा लावलं जातं. दाब खोलवर कळतो, हलका स्पर्श हरवलेला असला तरी. त्यामुळे एका बोटाला एकदाच. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवा. ते 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा आणि 128 हर्ट्झचा कंपनचिमटा (थरथरणारा ट्यूनिंग फोर्क) लावून खात्री करतील. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं चालू असेल, त्यातून आहार शाकाहारी असेल, तर रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व तपासायला सांगा; ते कमी पडलं तरी असाच बधिरपणा येतो. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

अचानक एकाच बाजूचा हातपाय बधिर पडला, तोंड वाकडं झालं, तर या तपासणीत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा. काही दिवसांतच पायातली ताकद जाऊन अशक्तपणा वर चढत असेल, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कातडीवर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं आणि रोग बरा होतो.

बधिर पायाला शेकाची पिशवी लावायची नाही. अंघोळीचं पाणी पायानं नव्हे, कोपरानं पाहायचं. रोज रात्री आरसा धरून तळवा आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या. तेल तळव्याला लावा, बेचकीत नको. तिथे ओल राहून कातडी कुजते. पायाला झालेलं कुरूप ब्लेडनं कापू नका, त्यावरची औषधी पट्टीही नको. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं.

चप्पल मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) घ्या, आणि संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. चैत्रात शिखर शिंगणापूरला जाणार असाल तर जाड सुती मोज्यांचे दोन जोड पिशवीत टाका. भर दुपारी तापलेल्या दगडावर बधिर तळव्याला फोड येतात आणि ते कळतात मुक्कामाला मोजे काढल्यावर. म्हणून दर्शन सकाळी लवकर उरका, आणि मोजे काढले की आधी तळवा पाहा.