खरेदीची बिलं एआयकडे देताना: बडोद्यातल्या छोट्या ऑफिसांसाठी

मकरपुऱ्यातला कारखाना असो की दांडिया बाजारातलं सीएचं ऑफिस, एआयची सुरुवात बहुधा खरेदीच्या बिलांपासून होते. बिलाचा फोटो काढायचा, नोंद आपोआप टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. सॉफ्टवेअर घेण्याआधी आठवडाभर बिलं चढवणाऱ्यांच्या शेजारी बसा. कोणता पुरवठादार चलनावर पेनाने दर खोडतो, कोणाचं बिल दोनदा येतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. लिहिलेलं कुठेच नसतं. ते वहीत उतरवून घ्या आणि सॉफ्टवेअर त्याच अडचणीच्या बिलांवर तपासा. डेमोतली छापील, स्वच्छ बिलं कोणतंही सॉफ्टवेअर वाचतं.

हाताने लिहिलेल्या गुजराती बिलात पाचाचा आकडा आणि 'प' हे अक्षर जवळपास सारखंच दिसतं. जीएसटी नंबर १५ अंक-अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७. चार आणि सातात गफलत झाली, की स्थानिक खरेदी परराज्यातली म्हणून चढू शकते. चुकलेली नोंदही पडद्यावर बरोबर नोंदीसारखीच नीटनेटकी दिसते, खरा धोका तिथे आहे.

म्हणून तपासणाऱ्याच्या हाती नुसतं 'ओके'चं बटण देऊ नका. शंभर बिलं ओळीने बरोबर निघाली की कोणाचीही नजर सैल पडते. दोष माणसाचा नाही, काम तसं बेतलेलं असतं. दर वीस बिलांमागे एक बिल मशीनचे आकडे न बघता हाताने चढवायचं आणि मग ताडून बघायचं. नोंद अडवून ठेवायचा अधिकारही त्याच माणसाला द्या. त्याने किती वेळ लावला याचा संबंध पगारवाढीशी लावू नका, नाहीतर लोक न वाचताच पास करतील.

वाचलेला वेळ कुठे जाणार, हे आधी लिहून सांगा: उधारीची वसुली, जीएसटीआर-२बीची (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीची) जुळवणी, पुरवठादारांचे खातेउतारे. कारखान्यात नव्या तंत्रामुळे कामगार कपातीची शक्यता असेल, तर औद्योगिक संबंध संहिता, २०२० प्रमाणे बाधित कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आमच्या मते बोलणी त्याच्याही बरीच आधी, खरेदीची ऑर्डर देण्यापूर्वी व्हावीत.

पगारपत्रकं आणि पॅन नंबर फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका.

पहिला महिना जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवा. मार्चअखेरीला किंवा जीएसटीआर-३बीच्या (जीएसटीच्या मासिक विवरणपत्राच्या) २० तारखेच्या तोंडावर सुरुवात नको. त्या दिवसांत शिकायला कोणालाच सवड नसते.