रजेच्या अर्जात या चुका टाळा : राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी

राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या रजेचे बहुतेक वाद खात्यावर रजा शिल्लक नसल्यामुळे होत नाहीत. रजेचा प्रकार चुकीचा निवडला जातो, तारखा चुकीच्या लिहिल्या जातात किंवा मंजुरीचा आदेश सेवापुस्तकापर्यंत, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदवहीपर्यंत, पोहोचतच नाही, आणि मग निवृत्तीच्या तोंडावर धावपळ सुरू होते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांनुसार रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेची निकड असेल तर सक्षम प्राधिकारी ती नाकारू शकतो आणि मंजूर केलेली रजा रद्दही करू शकतो. त्यामुळे अर्ज आवक शाखेत देऊन थेट गावी निघून जाणे ही पहिली चूक ठरते, कारण अर्जावर पडलेला आवक शिक्का म्हणजे मंजुरी नव्हे.

तारखांची चूक साधी दिसते, पण ती महागात पडते. किरकोळ रजा वर्षाला ८ दिवस मिळते, ती ३१ डिसेंबरला संपते आणि तिच्या मधे येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरल्या जात नाहीत. अर्जित रजेचे, म्हणजे सेवेच्या बदल्यात खात्यावर जमा होणाऱ्या पूर्ण वेतनी रजेचे, तसे नाही. सोमवारपासून पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत अर्जित रजा घेतली, तर मधला शनिवार-रविवार धरून १२ दिवस खर्ची पडतात. मात्र रजेच्या आधीचे आणि नंतरचे शनिवार-रविवार परवानगीने रजेला जोडून घेता येतात व ते खात्यातून वजा होत नाहीत. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झालेल्या कार्यालयांतही अनेक जण सवयीने अर्जात ‘शनिवारपासून’ असे लिहितात आणि दोन दिवस विनाकारण घालवतात. अर्जात रजेचा कालावधी वेगळा आणि जोडून हव्या असलेल्या सुट्ट्या वेगळ्या लिहाव्यात. किरकोळ रजा संपल्यावर तिलाच लागून अर्जित रजा मागण्याचा प्रयत्न मात्र करू नये; किरकोळ रजा ही नियमांनी मान्य केलेल्या रजाप्रकारांत मोडत नाही आणि ती इतर रजेला जोडता येत नाही.

सर्वांत मोठे नुकसान आजारपणात होते, आणि ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी १५ दिवस आगाऊ जमा होते व ३०० दिवसांपर्यंत साठते, तर अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस मिळते आणि बहुतेकांच्या खात्यावर वर्षानुवर्षे पडून राहते. वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर अर्धवेतनी रजा परिवर्तित करून पूर्ण वेतनावर घेता येते. २४ दिवसांच्या परिवर्तित रजेसाठी ४८ दिवस अर्धवेतनी रजा खर्ची पडते, एवढेच. तरीही आजारी कर्मचारी, किंवा त्याच्या वतीने घाईत अर्ज भरणारा सहकारी, अर्जित रजा लिहून मोकळा होतो. सेवानिवृत्तीच्या वेळी रोखीकरण होते, म्हणजे रजेऐवजी पैसे मिळतात, ते मुळात शिल्लक अर्जित रजेचे, आणि त्याचा हिशेब मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून केला जातो. मूळ वेतन ६०,००० रुपये आणि महागाई भत्ता ५० टक्के धरला, तर एका दिवसाचे मोल ३,००० रुपये होते. म्हणजे त्या २४ दिवसांमागे ७२,००० रुपये गेले. कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक बाबी पाहणाऱ्या आस्थापना शाखेने हे स्वतःहून सांगायला हवे, पण ते फारसे घडत नाही. रुजू होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र सोबत न्यावे, अन्यथा रुजू करून घेण्यावरूनच अडवणूक होते.

असाधारण रजा, म्हणजे बोलीभाषेतली बिनपगारी रजा, शेवटचा पर्याय समजावा. वैद्यकीय प्रमाणपत्राविना घेतलेल्या अशा रजेमुळे वेतनवाढीची तारीख पुढे जाते, शिवाय पुढच्या सहामाहीत जमा होणारी अर्जित रजा या काळाच्या एक दशांशाने घटते. ४० दिवसांमागे ४ दिवस. म्हणून तसा अर्ज करण्यापूर्वी अर्धवेतनी रजेची शिल्लक पाहून घ्यावी.

बालसंगोपन रजेबाबत केंद्राचे नियम वाचून राज्यात अर्ज करण्याची चूक सर्रास होते. ७३० दिवसांची मर्यादा केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. राज्यात २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयानुसार संपूर्ण सेवेत १८० दिवस, तेही एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने, अशी रजा मिळते, आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मागता येते. १८० दिवसांची प्रसूती रजा याहून वेगळी आहे. दोन्ही एकाच खात्यातून वजा होतात हा समज चुकीचा आहे.

रजा संपूनही रुजू न होता आले, तर गप्प राहू नये. मुदतवाढ मंजूर झाली नाही, तर जादा दिवस अर्धवेतनी रजेतून वजा होतात, ती पुरत नसल्यास असाधारण रजा धरली जाते, त्या दिवसांचे रजा वेतन मिळत नाही, आणि हेतुपुरस्सर गैरहजेरी असल्यास शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. कारणासह मुदतवाढीचा अर्ज रजा संपण्यापूर्वीच द्यावा व त्याची पोच जपून ठेवावी.

सेवापुस्तकातील रजालेखा वर्षातून एकदा स्वतः पाहावा, विशेषतः बदलीच्या वेळी, कारण जुन्या कार्यालयातील आदेशांच्या नोंदी राहून जाण्याचा धोका तेव्हाच अधिक असतो. नोंद नसेल तर मंजुरी आदेशाची प्रत जोडून कार्यालय प्रमुखाकडे लेखी अर्ज करावा. आदेशच सापडत नसेल, तर त्या महिन्यांची वेतन देयके आणि हजेरीपटाचे उतारे यांच्या आधारे तो कालावधी नियमित करून देण्याची मागणी करावी आणि नोंद झाल्यावर दुय्यम सेवापुस्तकातही (सेवापुस्तकाच्या कर्मचाऱ्याकडील प्रतीतही) ती उतरवून घ्यावी.