घाटात पिकअप ओढेना? टर्बो बदलण्याआधी या चुका टाळा

वाशीला टोमॅटो उतरवून रिकामे कॅरेट घेऊन परत येत होतो. एरवी कसारा घाट तिसऱ्यावर चढणारी गाडी त्या दिवशी दुसऱ्यावरही रडत होती, मागे काळा धूर. नाशिकला एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्या उघडल्या निदान झालं, "टर्बो गेला." टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा. मी विश्वास ठेवला आणि तो बदलला. पुढच्या फेरीला घाटात गाडी तशीच. मग दुसऱ्या फिटरने गाडीखाली झोपून इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज, म्हणजे रबरी पाईप, हाताने दाबून पाहिला. खालच्या बाजूला बोटभर चीर होती. जुना टर्बो ठणठणीत होता.

म्हणून पहिली चूक हीच: सगळ्यात महागडा पार्ट सगळ्यात आधी बदलणं.

होजची चीर उभ्या गाडीत कळत नाही. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, टर्बो जेमतेम हवा भरतो, त्यामुळे चीर मिटलेली राहते. लोड आला, दाब वाढला की ती उघडते आणि हवा बाहेर जाते. चढावर "फुस्स" असा आवाज येत असेल तर आधी होज आणि क्लॅम्प बघा. सांध्यापाशी बाहेरून ताजं तेल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर गळती बहुतेक तिथेच आहे. पाईपच्या आत मात्र तेलाचा हलका थर असतोच, त्यावरून टर्बोला दोष देऊ नका. पेन्सिलीएवढा बारीक रबरी पाईप टर्बोचा दाब आवरणाऱ्या ॲक्च्युएटरकडे जातो, तोही शेवटपर्यंत हाताने चाचपा. उष्णतेने तो टोकाला तडकतो.

दुसरी चूक, धूर न बघणं. ताकद नाही आणि काळा धूर आहे, म्हणजे डिझेल मिळतंय पण हवा कमी पडतेय: चोक झालेला एअर फिल्टर, फाटलेला होज, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा खरोखर टर्बो. ताकद नाही आणि धूरही नाही, तर आधी डिझेल फिल्टर बघा, त्यातलं पाणी काढा, लाईनमध्ये कुठे हवा पकडतेय का ते तपासा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तेव्हा मात्र टर्बोचं सील संशयात घ्यायला हरकत नाही.

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या शिवाररस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर भरतो. तो कॉम्प्रेसरच्या पूर्ण प्रेशरने मारून पुन्हा बसवू नका. कागद फाटला तर धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. नवा फिल्टर टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की पी०२९९ कोड येतो आणि पुन्हा सगळे टर्बोकडे बोट दाखवतात. कोडचा अर्थ एवढाच, की हवेचा दाब हवा तेवढा बनत नाही. का बनत नाही, ते त्यात नसतं. कोड पुसून गाडी हातात देणाऱ्याला आधी एक आकडा दाखवायला सांगा: चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) किती दाखवतो? तेव्हा तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून इथे ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवं. त्यापेक्षा बराच वेगळा आकडा आला, तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंगच खोटं बोलतंय. सेन्सर काजळीने माखलेला असला तरी आकडे फसवे येतात.

टर्बो उघडलाच, तर शाफ्ट आडवा किंचित हलणं ठीक आहे, कारण तो तेलाच्या थरावर फिरतो. पुढे-मागे हललेला जाणवू नये, आणि पाती घरावर घासल्याची खूण तर अजिबात नको. इंजिन चालू असताना टर्बोच्या उघड्या तोंडाजवळ हात नेऊ नका.

इंजिनाचे आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. चाकाचा ड्रम हात लावण्याआधीच तापल्याची धग येत असेल तर ब्रेक जाम आहे. या दोन्हींत टर्बोचा काहीही संबंध नाही.

आणि घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलात, तर लगेच चावी फिरवू नका. एक-दोन मिनिटं आयडलिंगवर चालू द्या. इंजिन थांबलं की तेलाचा पुरवठा तिथेच थांबतो, आणि तापलेल्या बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतं.